नवऱ्याचं नाव सक्तीचं

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. काम अडतं, माणसं खोळंबतात, वैतागून कोणीतरी एखादं वाक्य बोलतं आणि तेवढंच मागं राहतं. आमच्याकडं काम फार अडायचं. म्हणून किस्से फार.

भोरच्या एका छापखान्यात मी तीस वर्षं खिळे जुळवले. शिक्षण चौथी. छापखाना बंद पडला तेव्हा मालकांच्या पुतण्यानं, सुधीरनं, त्याच जागेत कॉम्प्युटर मांडले. टायपिंगला अशोक आणि शबाना, तपासायला मी. चूक शोधायला नजर लागते, सर्टिफिकेट लागत नाही.

दोन हजार सालानंतर पुण्याच्या एका कंपनीचं काम आलं. गुंजवण्याकडं धरणात जाणाऱ्या घरांची यादी लोकांच्या अर्जांवरून एक्सएमएल नावाच्या मांडणीत भरायची. सोबत डीटीडी नावाची नियमांची फाइल. प्रत्येक घराला कोणती माहिती जोडायची, कोणते शब्द चालतील, काय सक्तीचं, हे पुण्याच्या साहेबानं तिच्यात आधीच जाहीर केलेलं. जोडायच्या माहितीला अॅट्रिब्यूट म्हणायचं. नियम मोडला की मशीन फाइल परत करायचं. यादीत घर असेल त्यालाच नवा प्लॉट मिळणार होता.

पहिलंच घर अडलं ते साळूबाईंचं. बाई साठीच्या, घर त्यांच्याच नावावर. बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव सक्तीचं, आणि अर्जात ती जागा मोकळी. निरोप धाडला. बाई एसटीनं आल्या.

शबानाला वाटलं, जुनी माणसं नाव घ्यायला लाजतात. म्हणाली, "आजी, उखाण्यात घ्या हवं तर."

"लाज न्हाई गं. ईस वर्सांमागं घर सोडून गेला. जाताना मला इचारलं न्हाई. आता माज्या घरावर त्याचं नाव कशापायी?"

सुधीरनं पुण्याला फोन लावला. साहेब म्हणाला, बघतो. बाई परत गेल्या.

*

छपरासाठी तीनच शब्द जाहीर केलेले: कौलं, पत्रा, गवत. त्यातला एकच घ्यायचा. एका घराला पुढं कौलं, मागं पत्रा. अशोकनं डोकं चालवलं आणि एका घराची दोन घरं केली. मशीन खूश.

घरमालक यादी बघायला आला. कागदावर आपली दोन घरं मोजली.

"धाकटा भाऊ धा वर्सं वाटणी मागतोय. तुमी एका दुपारात करून दिली."

मी ती दोन्ही घरं परत एक केली. सुधीरनं फोन लावला. साहेब म्हणाला, बघतो.

*

विजेचं आणखी वेगळं. काही लिहिलं नाही तर 'आहे' धरायचं, असं साहेबानं ठरवून ठेवलेलं. पुण्यात बसून दुसरं सुचणार कसं? वरच्या वाडीत एकही खांब नव्हता. अर्जात रकाना मोकळा, आम्हीही मोकळाच ठेवला. छापून आलं तर घरोघर वीज.

फाइल मी तीनदा तपासली. तो शब्द तिच्यात नव्हता, कागदावर होता. तीस वर्षांत मी न जुळवलेला खिळा कधी छापला गेला नाही. त्या रात्री मी जेवलो नाही.

वाडीचा म्हातारा मात्र शांत होता. "ऱ्हाऊ द्या तसंच. बिल यील. बिलामागनं तारबी यील."

*

तालुका तर आधीच ठोकून बसवलेला, भोर. दुसरं काही लिहिलं की फाइल परत. घरं सगळी वेल्ह्याची.

सुधीरनं पुन्हा फोन लावला. साहेबानं विचारलं, वेल्हे म्हणजे भोरचाच भाग ना? सुधीर म्हणाला, तालुकाच वेगळा. तेव्हा साहेब म्हणाला, मीच येतो.

*

साहेब आला. पोरगेलासा, अदबीचा. तालुका मोकळा केला. छपराला चौथा शब्द दिला. विजेचं 'आहे' काढलं. नवऱ्याच्या नावाला मात्र हात लावीना. म्हणाला, ते वरून ठरलंय, नुसती रेघ टाका.

मी म्हणालो, "आमच्याकडं रेघ मयत माणसापुढं मारतात."

साहेब येणार म्हणून बोलावलेल्या साळूबाई बाकावर बसून होत्या. यादी त्याच संध्याकाळी जायची होती. घर आलं नाही तर प्लॉट गेला, हे त्यांना मीच सांगितलेलं.

"त्यो मेलाय का जिता, मला ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. "खोटं लिवू नगा."

साहेब खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला. "आजी, तुमचं नुकसान होईल. ते नाव सक्तीचं आहे."

"सक्ती कुनावर? त्याच्यावर केली आस्ती तर ऱ्हायला आस्ता."

साहेब उठला, डीटीडी उघडली आणि सक्तीचा शब्द काढून तिथं 'असलं तर लिहा' या अर्थाचा शब्द घातला. एवढंच काम होतं. मशीननं घर घेतलं.

यादी छापली. मी दोनदा तपासली आणि बाईंच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांचं नाव मी दाखवलं. त्यांनी त्याच्या शेजारच्या जागेवर बोट ठेवलं.

"आन हितं काय लिव्हलंय?"

"काही नाही."

"बरुबर हाय."