खाली कोण थांबणार?

आबा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात भूगोल शिकवत होते. झोपेतच गेले म्हणे. आदल्या संध्याकाळी तर ते ओट्यावर बसून मला विचारत होते, आम्ही जाऊ तेव्हा दुबईत धूळ फार असते का...

आबा म्हणजे धरणगावातले माझे शेजारी. उभी हयात त्यांनी गावाच्या टाकीवरून पाणी सोडलं. टाकीत पाणी किती चढलंय ते पाहायला रोज संध्याकाळी शिडीने वर जायचे. एकदा खाली आले आणि म्हणाले, सूर्य आत्ता बुडाला. अक्का, म्हणजे त्यांची बायको, ठाम होत्या की तो कधीचाच बुडाला. दोघंही हट्टी. मग ठरलं की, खालून सूर्य दिसेनासा झाला की अक्कांनी ओट्यावरून थाळी वाजवायची, वरून दिसेनासा झाला की आबांनी शिट्टी मारायची. मधल्या वेळात अक्का आकडे मोजत. तीसपर्यंत सहज जायचे. उंचावरून सूर्य जास्त वेळ दिसतो हे मी पुस्तकातून शिकले. आबांनी ते स्वतः ताडून पाहिलं होतं, याचा मला हेवा वाटे.

निवृत्तीनंतरही त्यांच्या डोक्यातून हे गेलं नाही. मुलगा दिनेश दुबईत नोकरीला. तिथल्या बुर्ज खलिफाच्या गच्चीवरून किती आकडे होतील, हा आबांचा ध्यास. वर्षभर तयारी चालली होती. पासपोर्ट काढला, वर जाण्याची वेळ सूर्यास्ताचीच हवी म्हणून दिनेशला दहादा बजावलं, भाकरीसाठी कळण्याचं पीठ बांधलं. बॅगेत सगळ्यात खाली ती थाळी ठेवली. दिनेश म्हणाला, इतक्या उंचावर थाळी ऐकू येणार नाही, फोन करा. आबा म्हणाले, फोनवरच ऐकवू, पण थाळी पाहिजे.

दिनेशने हौसेने दोघांची वरची तिकिटं काढली, आणि आबा भडकले. दोघं वर गेल्यावर मोजणार काय, कपाळ? "दोन्ही वर गयात, ते खाले कोन थांबी?"

अक्का मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तीस वरीस व्हयनात, मी खालेच उभी शे."

बायकांनी टाकीवर चढायची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि खरं सांगायचं तर अक्कांना वर यायचंय का, हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी माझ्यासमोरच दिनेशला फोन लावला आणि एक तिकीट परत करायला सांगितलं. स्वतःचं. "ती वर जाई. थाळी मी वाजाडसू," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. वर्षभर ज्यासाठी जीव टाकला ते या माणसाने एका रात्रीत सोडून दिलं, आणि चहा पिताना अक्कांना शिट्टी मारायला शिकवत बसले. अक्कांना ती काही जमेना. दोघं हसून हसून बेजार झाले. मी आबांना अनेकदा मानलं, पण त्या सकाळी सगळ्यात जास्त.

जायला वीस दिवस उरले असताना आबा गेले.

अक्का जाणार आहेत. आधी नको म्हणत होत्या, मग स्वतःच म्हणाल्या की त्यांनी दिलेलं तिकीट वाया घालवणार नाही. खाली दिनेश थांबेल.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे ओट्यावर बसले होते. थाळी बॅगेतून निघून मांडीवर आली होती. कपाशीच्या शेतांपलीकडे सूर्य गेला आणि अक्कांनी ती एकदाच वाजवली. गार वारा सुटला होता, म्हणून मी म्हटलं, चला आत.

"थांब," त्या आभाळाकडे बघत म्हणाल्या. "त्यास्ले अजून दिखी राह्यना व्हई."

आणि मोजू लागल्या. तीस झाले... चाळीस झाले. पुढे अंधार पडला, तरी अक्का मोजतच होत्या.