बांधाची खरी जागा

भरतीच्या वेळी खाडीवरून खारट वारा आला की चौदाव्या मजल्यावरही मला बाळकुमचं आमचं मिठागर आठवतं. त्याच जागेवर आता आमची बिल्डिंग आहे. काल तसाच वारा आला, तेव्हा टीव्हीवर एक तज्ज्ञ नकाशावरची रेषा दाखवून दोन देशांचं युद्ध समजावत होता.

मिठागर होतं त्या काळी मी नुकतीच लग्न होऊन आलेले. माझे सासरे आणि त्यांचे चुलतभाऊ मिठागराच्या मधल्या बांधावर फावडी घेऊन समोरासमोर उभे होते. "बांध हातभर आमच्यात सरकवलास!" दोघंही एकमेकांना हेच ओरडत होते. मग एक फावडं उचललं गेलं आणि मध्ये पडलेल्या माझ्या दिराचं डोकं फुटलं. रक्त मिठावर पडलं आणि लगेच मुरलं.

सासूबाई त्याच्या जखमेवर हळद दाबत होत्या. मी विचारलं, "आई, हा बांध दर पावसात वाहून जातो, दिवाळीनंतर आपण नवा घालतो. मग त्याची खरी जागा माहीत कुणाला?"

"कुणालाच नाय गो," त्या म्हणाल्या. "त्यांच्या पोरीच्या हलदीला आमाला आवतन नव्हतं. त्याचा राग हाय सगला."

तेव्हा मला ही माणसं वेडी वाटलेली.

काल तो तज्ज्ञ तासभर रेषेवरच बोलत राहिला. मी मात्र आवाज वाढवून ऐकत बसले, हळदीला कुणाला बोलावलं नव्हतं ते हा कधी सांगतोय.