कापराची पुरचुंडी

मी लिहावं असा माझा काही अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि परीक्षेतल्या निबंधापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं, ही विनंती.

पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा मी यवतमाळकडून येऊन नुकताच वारज्यात कॉट बेसिसवर, म्हणजे तिघांच्या खोलीत एका खाटेपुरतं भाडं देऊन, राहायला लागलो होतो. खोलीतले बाकीचे दोघे आयटी कंपनीत रात्रपाळीला, माझं कॉलेज सकाळचं. आम्ही एकमेकांची अंथरुणंच जास्त पाहायचो. स्वारगेटहून बसने येताना सगळ्यांच्या तोंडाला रुमाल असायचा. कोणाला ठसका लागला की त्याच्या शेजारची जागा रिकामी व्हायची.

कॉलेजने आम्हाला जवळपासच्या शाळांत मदतीला पाठवलं. सकाळी फाटकात उभं राहायचं, ताप-खोकला असलेल्या मुलाला घरी पाठवायचं, बाकीच्यांचे नळावर हात धुवून घ्यायचे. माझ्यासोबत शाळेच्या शिपाई मावशी असायच्या, वारज्याच्या जुन्या गावातल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "डाक्टर हायेस व्हय रं?"

"नाही, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे."

"मग बरं हाय. पोरं भ्यायची न्हाईत."

त्या दिवसांत लोक कापूर आणि वेलदोडे फडक्यात बांधून मुलांच्या गळ्यात घालायचे. वास घेतला की रोग लागत नाही, असा समज होता. तिसरीतली एक मुलगी फाटकात आली की आपली पुरचुंडी माझ्यापुढे धरायची. "दादा, तुम्ही पण घ्या. तुमच्याकडे नाहीये ना." मी वाकून वास घ्यायचो. माझ्याकडे काय नाही हे पुण्यात आल्यापासून कोणी पाहिलं नव्हतं.

एकदा हात कसे धुवायचे ते दाखवायला तिच्या वर्गात गेलो, तर तीच पुरचुंडी बाकांवरून फिरत होती. ज्यांच्या घरी कापूर आणला नव्हता ती मुलं एकेक करून ती नाकाला लावत होती आणि पुढे देत होती. मी त्यांच्या बाईंना दाखवलं.

"छान," बाई म्हणाल्या. "डबा वाटून खा म्हटलं तर खात नाहीत. रोग मात्र वाटून घेतात."

सगळ्या पुरचुंड्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या. ती मुलगी रडली नाही. तिने मला एवढंच विचारलं, "मग ज्यांच्याकडे नाही त्यांनी काय करायचं?"

"साबणाने हात धुवायचे. रुमाल ज्याचा त्याने वापरायचा."

तिला ते पटलेलं दिसलं नाही.

त्याच आठवड्यात ती फाटकात आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. कपाळ भाजत होतं. मी तिला बाजूला बसवलं, मावशींनी तिच्या आईला बोलावून घेतलं. दवाखान्यात घशातला नमुना तपासायला घेतला, इतकंच संध्याकाळी कळलं. लगेच शाळा-कॉलेजं बंद झाली, आणि पुढचं कळायची वाटही बंद झाली.

खोलीतले दोघे आपापल्या गावी गेले. मी घरी फोन केला. बाबा म्हणाले, "सध्या नको येऊ बाबू. पुण्याहून कोणी आलं का लोकं दारं लावून राह्यले."

"बरं बाबा. मी ठीक आहे इथं."

मेसही बंद होती. बिस्किटं आणायला बाहेर पडलो की पाय शाळेकडे वळायचे. फाटकाला कुलूप. त्या मुलीचं घर मला माहीत नव्हतं, मावशींचंही नाही. वर्तमानपत्रात साथीने गेलेल्यांची वयं छापायचे. लहान वय दिसलं की पुढची ओळ वाचायला मला धीर लागायचा. रात्री खोकला आला तर मी उशीत तोंड घालून खोकायचो, खोलीत ऐकायला कोणी नसतानाही.

असे बरेच दिवस गेल्यावर एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मावशी होत्या. शाळेतून माझा नंबर मिळवला होता.

"त्या पोरीचा रिपोट आला रं. ते न्हाई निघालं. साधा ताप हुता, उतरला. आज मंडईत भेटली, आईसंगं. त्या दादाला तर ताप न्हाई ना आला, म्हून इचारत हुती. काय सांगू तिला?"