भिंतीकडे तोंड करून पाठवलेली गाणी

आमच्या मोस्तागानेम शहरात लग्नातली बायकांची गाणी पुरुषांनी ऐकायची नसतात. त्यांत नवऱ्यांची आणि सासऱ्यांची इतकी सालटी काढलेली असतात, की न ऐकण्यातच त्यांचं भलं. पण पोरी समुद्रापलीकडे फ्रान्सला नांदायला गेल्या आणि त्यांना तीच गाणी हवीहवीशी झाली. ईमेलनं पाठवायची, तर गल्लीत संगणकाचं दुकान एकट्या मिलूदचं. हा मिलूद म्हणजे गाणाऱ्या खैराबाईंचाच मुलगा, चाळिशीचा, बिनलग्नाचा.

खैराबाई डफ घेऊन बसल्या की मरगळलेलं लग्नही उठून नाचायचं. आम्ही मागून साथ धरायचो, मीही, बेसूर. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग घेऊन मी दुकानात हजर. मिलूद फाईल लावून द्यायचा, हेडफोन माझ्या हातात ठेवायचा आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचा.

"नीट आहे ना गं ताई?"

"आहे रे बाबा. वळ आता."

फाईल मोठी, एका ईमेलला जोडली जायची नाही. मग हा न ऐकताच, घड्याळाकडे बघून तिचे तुकडे पाडायचा. फ्रान्सात लियाँला नांदणाऱ्या सित्तीनं लिहिलं, "सासूचं नाक एका ईमेलात आलं आणि शेंबूड दुसऱ्यात!" मी त्याला आंधळा न्हावी म्हणायची. अकरा वर्षं हे असंच चाललं.

मागच्या हिवाळ्यात खैराबाई गेल्या. चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला मी कुसकुस वाढत होते, तेव्हा मिलूद हळूच म्हणाला, "ताई, लग्नात आई कशी गायची गं?"

आईचं गाणं मुलानं ऐकायला कुणाची हरकत? पण त्यात आम्हा चौदाजणींचे आवाज होते. सगळ्या फाईली त्याच्याच संगणकात पडलेल्या. एक बटण दाबलं असतं तर कुणाला कळणार होतं? मेल्यानं दाबलं नाही.

शेजारची बख्तामावशी म्हणाली, "मग विचारू या सगळ्याजणींना."

खैराबाई गायल्या त्या शेवटच्या लग्नाचं रेकॉर्डिंग निवडलं. इथल्या दहाजणी लगेच हो म्हणाल्या. चौघी त्या लग्नापुरत्या आलेल्या, आता परत फ्रान्सला; त्यांना ईमेल गेले. तिघींची उत्तरं आली, फतूमाचं येईना. ती मुळातच कडक. दोन आठवडे मिलूद रोज बघायचा आणि मला नुसती मान हलवून दाखवायचा. शेवटी आलं: "ऐकू दे त्याला. पण माझ्या कडव्याला हसलास तर बघ, मिलूद!"

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. या खेपेला भिंतीकडे तोंड करून मी आणि मावशी बसलो. मिलूदनं हेडफोन लावले. अर्धं मिनिटही झालं नसेल, तोच त्याचा हुंदका ऐकू आला. मी वळले.

"अरे, गाणं तरी सुरू झालं का?"

"नाही. कुणीतरी म्हणतंय, हळू गा, फाईल पुरुषाच्या हातून जाते. आणि आई म्हणतेय, 'गा गं पोरींनो मोकळ्या गळ्यानं. माझा मिलूद ऐकणार नाही.'"

ते वाक्य मी तपासताना ऐकलं होतं. इतकं साधं वाटलं, की त्याला सांगावं हे सुचलंसुद्धा नाही. माझी मलाच लाज वाटली.

"पुढे ऐक रे," मावशी म्हणाली, "गाणं पुढे आहे."

गाणं त्या दिवशी त्यानं ऐकलंच नाही. तेवढं एकच वाक्य तो पुन्हापुन्हा लावत राहिला, आणि आम्ही दोघी परत भिंतीकडे तोंड करून बसून राहिलो.