काचेवरचं चक्र

काच चिकटवायच्या काळ्या सीलंटचा वास आला की धाराशिवमधलं ते काचेचं दुकान आठवतं आणि मी उगाच येरझारा घालायला लागतो. कळंबच्या रस्त्यावर टिपरमधला खडा बाबांच्या गाडीच्या पुढच्या काचेला लागला, तेव्हा गाडी मी चालवत होतो. रुपयाएवढा टवका मी धम्मचक्राच्या निळ्या स्टिकरनं झाकला. टवक्याचं न कळलेले बाबा चक्र बघून खूश झाले. आठवड्यानं तेरला जाताना, भर उन्हात एसी लावल्यावर, त्यांच्या डोळ्यांदेखत काच आडवी तडकली. दुकानदार सांगत होता, "कंपनीची काच दुप्पट पडंल, आरशामागच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगचे पैसे वेगळे." बाबा म्हणाले, "बसवा. पण तेवढं चक्र जपून काढा, नव्या काचेवर पायजे." मला तिथं उभं राहवेना. दुकानदारानं ब्लेडनं स्टिकर सोडवला. "काका, टवका आधीचाच हाय. गाडी तवाच आणली असती तर थोडक्या पैशात भरून दिला असता." बाबांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. "माझ्याच हातनं झालं असंल," ते दुकानदाराला म्हणाले आणि चक्र माझ्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते परत कधी मागितलं नाही, मीही कधी कबूल केलं नाही. चक्र अजून माझ्या पाकिटात आहे.