रोसालीकडून मिळालेली चाल

"भिंतीवरचा माणूस आला गं!" शेजारच्या मॅरेतने खिडकीतूनच वर्दी दिली, तेव्हा योलिन चुलीपाशी पातळ भाकऱ्या शेकत होती.

"भिंतीवर गेला म्हणून काय झालं? जोडे बाहेरच काढ म्हणावं."

भिंत म्हणजे गावच्या सभागृहाची. जेम्टलँड प्रांतातल्या या तळ्याकाठून जे कोणी नावारूपाला आले, त्यांच्या तसबिरी तिथे टांगल्या आहेत. एक बिशप, बर्फावरच्या शर्यतीत राजाच्या हातून चषक घेतलेला एक गडी, आणि सगळ्यांत शेवटी व्हायोलिन घेतलेला हाल्वार, योलिनचा भाचा. हाल्वार स्टॉकहोमला राहतो, रेडिओवर वाजवतो, आणि दर उन्हाळ्यात आत्याच्या हातची भाकरी खायला येतो.

योलिनने इकडच्या रीतीप्रमाणे कपात चीजचे तुकडे टाकले आणि वरून कॉफी ओतली. हाल्वारने कॉफी बशीत घेतली, दाताखाली साखरेचा खडा धरला आणि एक घोट घेऊन म्हणाला, "आत्या, रविवारी मला तुझी चाल वाजवायची आहे."

"माझी कसली चाल? मी आयुष्यात व्हायोलिनला हात तरी लावलाय का?"

"गाईंना बोलवायचीस ती. वरच्या कुरणावरून खाली ऐकू यायची. सगळी बसली आहे माझ्या बोटांत. फक्त एक सांग, ती कुणाकडून?"

योलिनने भाकरी उलटली.

इकडे चाल कुणी रचली हे कुणी विचारत नाही. ती कुणाकडून मिळाली, एवढंच विचारतात. वाजवणारा आधी उभा राहून ते नाव घेतो आणि मगच व्हायोलिनचा गज उचलतो. नाव न घेता वाजवली तर ती चोरी. बिशपचं एकही प्रवचन आज कुणाला आठवत नाही, पण जंगलात कोळसा पाडणाऱ्या एका म्हाताऱ्याचं नाव अजून दर उन्हाळ्यात घेतलं जातं, कारण त्याच्याकडून तीन चाली आल्या.

"तुझंच नाव घेऊ का?" हाल्वारने विचारलं.

"खोटं बोलशील, माझ्या घरात बसून?"

"मग खरं तू सांग."

"नाही सांगता येत."

"नाव नसेल तर मी वाजवणार नाही, आत्या. आणि वाजवली नाही, तर..." तो थांबला.

"तर माझ्याबरोबर मातीत जाईल. बोल की! मला काय कळत नाही?"

योलिनने सगळं आयुष्य उन्हाळ्यांत मोजलं. बर्फ वितळलं की गाई घेऊन वर जायचं, पानं पिवळी पडली की लोणी आणि चीज घेऊन खाली यायचं. तरुणपणी नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्या एकाने तिला मागणी घातली होती. "आणि गाई कोण बघणार?" तिने विचारलं. तो ओंडक्यांमागून निघून गेला. विषय तिथेच मिटला. या वसंतात मात्र गुडघ्यांनी दगा दिला आणि गाई तळ्यापलीकडच्या इंगमारला विकाव्या लागल्या. तेव्हापासून ती चाल तिने एकदाही गायली नव्हती. बोलवायचं कुणाला?

त्या दुपारी ती दाराशी पायरीवर बसली. तळ्यावरून पांढरं काही हळूहळू वर येत होतं, आणि तिला फार वर्षांपूर्वीचं धुकं आठवलं.

ती अकरा वर्षांची होती. वरच्या कुरणात धुकं असं उतरलं की स्वतःचा हात दिसेना. जवळ फक्त रोसाली होती, एका शिंगाची तांबडी गाय. मग कातळाच्या आतून कुणीतरी सुरात गुरांना बोलावू लागलं. बाईचा आवाज होता, पण कुणा ओळखीच्या बाईचा नव्हता. रोसालीने कान टवकारले आणि ती चालू लागली. योलिनने तिची शेपटी धरली. पायांखाली गवत होतं की ढग, सांगता आलं नसतं. किती चालल्या कोण जाणे. धुकं फाटलं तेव्हा समोर त्यांच्याच झोपडीचं दार होतं, आणि आवाज थांबला होता.

आईने तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला. "डोंगराआतली माणसं असतात ती. त्यांचं नाव घ्यायचं नाही, बाळा. धुक्यातून काय मिळालं ते कुणाला सांगितलं, की ते परत जातं."

म्हणून ती कधी बोलली नाही. आता बोलली तर चाल जाणार, नाही बोलली तरी जाणार.

पण चाल तिला लगेच कुठे आली होती? पायरीवर बसल्या बसल्या तिला पुढचं आठवलं. दुसऱ्या दिवशी ती गायला लागली, तर निम्मी चाल विसरलेली. ती चुकली की रोसाली वाटेतच उभी राहायची, अगदी ढिम्म. बरोबर सूर लागला की पाऊल उचलायची. अख्खा उन्हाळा असा गेला. पानं पिवळी पडली तेव्हा रोसाली न थांबता घरापर्यंत आली.

योलिन एकटीच हसली.

रविवारी सभागृहापुढच्या गवतावर गाव जमलं. हाल्वार उभा राहिला आणि त्याने आत्याकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी तिने त्याच्या कानात एकच नाव सांगितलं होतं.

"ही चाल," तो म्हणाला, "रोसालीकडून."

मॅरेतने तोंडावर रुमाल दाबला. मागे दोन म्हातारे खोकू लागले. शहरातून आलेला एक गृहस्थ योलिनकडे वाकून अदबीने म्हणाला, "या रोसालीबाई कुठल्या घरच्या?"

"आमच्याच."

"तसबीर दिसली नाही भिंतीवर."

"एका जागी उभं राहायची सवय नव्हती तिला," योलिन म्हणाली. "आणि चुकलेलं बिलकुल खपायचं नाही."

हाल्वारने गज तारांवर टेकवला. कुणी नाचलं नाही. सगळे गवतावर बसून राहिले, जणू कुणीतरी त्यांना लांबून घरी बोलावत होतं. योलिनने डोळे मिटले. नाव तर घेतलं गेलं, गाईचं का असेना. आता आपल्याकडे चाल उरलीय का?

तिथे तपासायचा धीर झाला नाही. ती मॅरेतच्या हाताला धरून तळ्याकाठच्या वाटेने निघाली. सूर्य डोंगरावर टेकला होता आणि बुडायचं नाव घेत नव्हता. तळ्यापलीकडे इंगमारच्या कुरणात तिच्या गाई चरत होत्या.

"काय गं, थांबलीस का?" मॅरेत म्हणाली. "गुडघा का?"

योलिनने तोंड उघडलं. पहिला सूर कापरा निघाला, दुसरा नीट लागला, आणि मग सगळी चाल, सवयीच्या वाटेने चालावं तशी, पाण्यावरून पलीकडे गेली.

गाईंनी माना वर केल्या. आणि पाऊल उचललं.

"अगं बंद कर!" मॅरेत ओरडली. "कुंपण तोडतील! इंगमार माझा जीव घेईल!"

पण योलिनला शेवटपर्यंत जायचं होतं. मध्येच थांबलेलं रोसालीला चाललं नसतं.