माईक चालू होता

चौसाळ्यात माझं मंडप-स्पीकरचं दुकान. साहेब दिल्लीत मंत्री झाले त्याच्या कितीतरी आधी, पंचायत समितीला उभे होते तेव्हापासून त्यांच्या सभेचा माईक मीच लावायचो. त्या पहिल्याच प्रचारात विरोधी गटाचे लोक काठ्या घेऊन सभेत घुसले. एकानं माझ्या डोक्यावर काठी उगारली, तसे साहेब स्टेजवरून उडी मारून आडवे आले. काठी त्यांच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मोडका हात छातीशी धरून त्यांनी भाषण पुरं केलं. त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस झालो.

मग आमदारकी, खासदारकी, मंत्रिपद. माणूस चढत गेला, मी मागं टेम्पो घेऊन. त्यांच्याभोवती मात्र आता त्यांच्या भाच्यानं पाळलेली पोरं असायची. पांढऱ्या गाड्या, कमरेला पिस्तूल. बाजारात कुणाच्याही कानाखाली मारायची. साहेब हसून म्हणायचे, "रक्त गरम हाय त्यांचं."

गेल्या लोकसभेला उमापूरला सभा होती. भाषण झाल्यावर साहेबच म्हणाले, "कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा." मी बिनवायरचा माईक लोकांत दिला. शेरडं राखणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगरानं तो घेतला.

"साहेब, आमचं गायरान तुमच्या भाच्यानं सोलरवाल्याला का म्हणून दिलं? आमी शेरडं कुठं चारायची?"

"बाबा, बसा खाली."

"बसतो. पण सांगा तरी."

भाच्याच्या पोरांनी त्याला खुर्चीवरून ओढलं. माईक त्याच्या मुठीतच राहिला. पहिली लाथ चारी कर्ण्यांतून घुमली. मग दुसरी. मग म्हाताऱ्याचं कण्हणं, दात मोडल्यासारखा एक आवाज, आणि "मार बे, तोंडावर मार." अख्खं उमापूर ऐकत होतं. एकही माणूस उठला नाही.

साहेब माझ्याकडं वळले. "मिस्त्री, माईक बंद कर."

"आधी बाबांना सोडवा, साहेब."

"बंद कर म्हणलं ना!"

बटण कुणाला दाबता येऊ नये म्हणून मी मशीनवर पालथा पडलो. साहेबांनी तोंड फिरवलं आणि पाण्याची बाटली उघडली. तेवढ्यात पोरं माझ्यावर आली. मंडपाचा लोखंडी पाइप खांद्यावर बसला, दुसरा फटका डाव्या कानावर. तोंडात माती आणि रक्त एक झालं.

बीडच्या दवाखान्यात म्हाताऱ्याची खाट माझ्या शेजारीच होती. जबडा तारांनी बांधलेला. साहेब फोटोवाल्यांना घेऊन आले.

"पोरं चुकली, मिस्त्री. केस करू नको. आपलं नातं लई जुनं हाय."

"ते समोर मारत होते, तुमी पाणी पीत होता."

ते मागं वळले. फोटो न काढताच गेले.

मी फिर्याद दिली. दुकानावर दगड आले, टेम्पो जाळला, घरात बायको चार दिवस दार लावून बसली. साहेब निवडून आले, पुन्हा मंत्रीही झाले. खटला अजून चालू आहे. सभेतली माणसं कोर्टात सांगतात, आमी काही बघितलं न्हाई. गायरानाला आता तारेचं कुंपण आहे.

तारखेला मी आणि म्हातारा कोर्टासमोरच्या हॉटेलात बसतो. त्याला चावता येत नाही. तो भाकरी चहात भिजवतो, आणि अर्धी माझ्या बशीत ठेवतो.